एचएलटीव्ही: काउंटर-स्ट्राइकच्या प्रो मॅचेस मनापासून बघणाऱ्यांसाठी

काउंटर-स्ट्राइक, म्हणजे पाच विरुद्ध पाच असा शूटिंग गेम, त्याच्या प्रो मॅचेस नीट फॉलो करायच्या असतील तर स्ट्रीमच्या बाजूला एचएलटीव्ही ही वेबसाइट उघडी पाहिजेच. 2002 पासून चालू असलेली साइट आहे आणि फुकट आहे. नुसती स्ट्रीम बघितली ना की किल्स दिसतात, पण मॅच का फिरली ते कळत नाही, ते इथे कळतं.

मॅच सुरू व्हायच्या आधीच मॅचच्या पानावर जा. कोणी कुठला मॅप बॅन केला, कोणी कुठला घेतला, त्या मॅपवर दोन्ही टीमचा गेल्या तीन महिन्यांतला रेकॉर्ड काय, सगळं तिथे असतं. बेस्ट ऑफ थ्रीमध्ये (आधी दोन मॅप जिंकेल ती टीम जिंकली) बरंच काही या वीटोतच, म्हणजे मॅपच्या निवडीतच ठरतं, आणि हे वाचून बसलं की पहिल्या राउंडपासून मॅच बघायची मजा वाढते. स्कोअरबोर्ड लाइव्ह चालतो, रँकिंग दर सोमवारी येतं, ते ठीक आहे.

खरी ताकद स्टॅट्समध्ये. इथले फिल्टर वापरायला शिका, प्लीज. एखाद्याचं रेटिंग भारी दिसतं, मग फक्त लॅन (टीम एकाच ठिकाणी येऊन खेळतात त्या मॅचेस) आणि फक्त टॉप 20 टीमविरुद्ध असं निवडायचं, की कोण छोट्या टीमना धुवून आकडे वाढवतोय आणि कोण खरंच मोठ्या स्टेजवर खेळतो ते लगेच समोर येतं. झायवू, सिंपल आणि डॉन्क हे प्लेयर असे फिल्टर लावूनही वरच राहतात, म्हणूनच 2018 ते 2024 एवढ्या सात वर्षांत साइटच्या टॉप 20 यादीत पहिला नंबर या तिघांनाच मिळाला.

रेटिंगचं गणित थोडं समजून घ्या. 1.00 म्हणजे साधारण सरासरी. आधी प्रॉब्लेम असा होता की समोरची टीम कंगाल आहे, वेपन घ्यायला गेममधले पैसे नाहीत, नुसती पिस्तुलं घेऊन आलीय, तिला तुम्ही रायफलने मारलं तरी तो किल पूर्ण मोजला जायचा, आणि राउंड हातातून गेल्यावर पळता पळता एक मारला तरी तेवढाच. 2025 मध्ये रेटिंगचं 3.0 व्हर्जन आलं त्यात कोणाकडे काय वेपन होतं ते धरतात आणि त्या किलमुळे राउंड जिंकायचा चान्स किती हलला तेही बघतात. पाच विरुद्ध दोन असताना मारलेला आणि दोन विरुद्ध दोन असताना मारलेला किल आता सारखा नाही. माझ्या मते साइटने आजवर केलेला हा सगळ्यात चांगला बदल आहे.

पण एक गोष्ट अजून आकड्यात येत नाही आणि त्यासाठीच हे लिहायला घेतलं. आयजीएल, म्हणजे टीमचा इन-गेम लीडर. कॅरिगनने 2022 मध्ये फेझ टीमला अँटवर्प मेजर जिंकून दिली (मेजर म्हणजे या गेमची सगळ्यात मोठी टूर्नामेंट), अ‍ॅलेक्सिबने 2024 मध्ये नावी टीमला कोपनहेगन मेजर, आणि या दोघांचं रेटिंग बघाल तर बहुतेक वेळा 1.00 च्या खालीच. कोणता स्मोक ग्रेनेड कधी, कोण आधी घुसणार, कुठल्या राउंडला पैसे वाचवायचे, टाइमआउट कधी घ्यायचा, हे सगळं ज्याच्या डोक्यातून येतं त्याच्या नावापुढे फक्त कमी किल्स दिसतात. नवीन लोक स्कोअरबोर्ड बघून 'याला काढा' म्हणतात तेव्हा खरंच वाईट वाटतं. बॉम्ब लावायची जागा एकटा अडवून धरणाऱ्या अँकरचंही तेच, इन्फर्नो मॅपवर बनाना नावाच्या वाटेवर मॉलोटोव्ह (आगीची बाटली) टाकून, एक फ्लॅश मारून, मागे सरकत सरकत त्याने टीममेट्स येईपर्यंत वेळ काढला आणि मग मेला, तर खात्यात एक डेथ. राउंड मात्र त्याच्यामुळे जिंकला.

यावर उपाय पण एचएलटीव्हीवरच आहे. मॅच संपली की पानावर डेमो, म्हणजे गेममध्ये चालणारं मॅचचं रेकॉर्डिंग, येतो, तो डाउनलोड करून गेममध्ये लावायचा आणि स्टार प्लेयर सोडून आयजीएलच्या डोळ्यांनी अख्खा मॅप बघायचा. गेमच्या अपडेटनंतर जुने डेमो कधी नीट चालत नाहीत, मग त्याच पानावर मॅचचा व्हिडिओ असतो तो बघा.

सुरुवात कुठून करू असं विचाराल तर कोपनहेगन मेजरची फायनल घ्या, नावी विरुद्ध फेझ. पहिला मॅप नावीचा, मग मिराज मॅपवर फेझने 13-2 ने उडवलं, आणि इतका मार खाऊन नावी इन्फर्नोवर येऊन 13-3 ने जिंकली. एमव्हीपी नावीच्या जेएलला मिळाला आणि तो त्याच्या लायक होताच. तुम्ही मात्र तो तिसरा मॅप लावा आणि पहिले पाच-सहा राउंड फक्त अ‍ॅलेक्सिबवर नजर ठेवा.