नाना पेठेतला निळा आरसा आणि खरा ऑटो डिमिंग आरसा

शुक्रवारी ऑफिस सुटलं की रात्री पुण्याहून कराड आणि रविवारी रात्री परत, असं माझं तीन वर्षं चाललंय, त्यामुळे मागच्या गाडीचा अप्पर डोळ्यात जाणं म्हणजे काय ते मला कुणी सांगायला नको. आधी हॅलोजनचा पिवळा उजेड तरी यायचा, आता जो तो पांढरे एलईडी टाकून फिरतोय, त्यात मागे उंच एसयूव्ही असली की तिचे दिवे बरोब्बर आपल्या मागच्या काचेच्या उंचीला येतात. आणि डिप्पर नावाची गोष्ट असते हे लोक लायसन्स मिळाल्या दिवशीच विसरतात बहुतेक.

माझी गाडी मधल्या व्हेरियंटची, आरसा साधा, खाली खटका असलेला. ऑटो डिमिंग, म्हणजे मागून झोत आला की आपोआप काळवंडणारा आरसा पाहिजे तर टॉप मॉडेल घ्या, म्हणजे त्यासोबत सनरूफ, मोठी स्क्रीन आणि जे जे नकोय ते सगळं. एका आरशापायी लाखभर कोण घालवणार, म्हणून म्हटलं बाहेरून बसवू.

नाना पेठेत गेलो, गाड्यांच्या सामानाच्या दुकानांत. पहिल्याच दुकानात विचारलं, "दादा, ऑटो डिमिंग आरसा मिळेल का?" तर म्हणे, "आहे की, फुल ऑटोमॅटिक, नऊशे रुपये." हातात दिला लांबलचक निळ्या काचेचा आरसा, ओरिजनलवर रबराने अडकवायचा. म्हटलं याची वायर कुठाय? "वायर लागतच नाही साहेब, ऑटोमॅटिक आहे ना!" आता यावर काय बोलणार. ती काच दिवसा निळी, रात्री निळी, अमावस्येला पण निळी. झळ थोडी कमी करते, पण मागे लाईट न लावता येणारा बाईकवाला असेल तर तोही त्यात गायब. पुढच्या दुकानातही तोच माल, फक्त दोनशेने महाग, आणि वर सल्ला की मागच्या काचेला काळी फिल्म मारून टाका. 2012 मध्ये सुप्रीम कोर्टाने काळी फिल्म बंद केली, मागच्या काचेतून 70 टक्के उजेड आत आला पाहिजे असा नियम आहे, पण ते त्या दुकानापर्यंत पोचलेलं दिसलं नाही.

खरा ऑटो डिमिंग म्हणजे इलेक्ट्रोक्रोमिक. दोन काचांच्या मधे जेल असतं, काचांच्या आतल्या बाजूला वीज वाहून नेणारा पारदर्शक थर, आणि जेमतेम व्होल्टभर दाब दिला की जेल काळपट होतं, काढला की परत स्वच्छ. सेन्सर दोन. एक आरशाच्या पाठीला, समोरच्या काचेतून बाहेर बघणारा, बाहेर किती अंधार आहे ते तो सांगतो. दुसरा तोंडावर, मागच्या गाडीचा उजेड मोजणारा. बाहेर अंधार आणि मागून झोत असं दोन्ही असेल तरच आरसा काळवंडतो. आपला खटक्याचा आरसा वेगळा, त्याची काच पाचरीसारखी असते, खटका ओढला की चांदीचा थर छताकडे बघतो आणि आपल्याला नुसत्या पुढच्या काचेचं साधारण 4 टक्के प्रतिबिंब दिसतं. फुकटात काम होतं, फक्त खटका ओढायचा लक्षात राहिला पाहिजे आणि नंतर परत सोडायचाही.

या धंद्यातलं मोठं नाव जेन्टेक्स, अमेरिकेत मिशिगनमधल्या झीलंड गावची कंपनी. 1974 ला सुरू झाली ती धुराचे डिटेक्टर बनवायला, आणि 1987 मध्ये त्यांनी हा जेलवाला आरसा आणला. बोईंग 787 ड्रीमलायनरच्या खिडकीला शटर नसतं, बटण दाबून काच गडद करतात, तीही यांचीच. विमानातली काच माझ्या गाडीत, असं मी बायकोला सांगून बघितलं, तिने विचारलं केवढ्याला पडली.

तिसऱ्या दुकानात शेवटी खरा माल मिळाला. त्या दुकानदाराने स्वतःच बॅटरीला जोडून दाखवला. टेस्ट सोपी आहे, घेण्याआधी दुकानातच करा: पाठीचा सेन्सर अंगठ्याने झाका आणि तोंडावरच्या सेन्सरवर मोबाईलचा टॉर्च मारा. काही सेकंदात काच निळसर हिरवी होत गडद झाली तर खरा. टॉर्च काढल्यावर उजळायला जरा जास्त वेळ लागतो, ते नॉर्मल आहे. भंगारातल्या गाडीचा जुना पीस अडीच हजारात देत होता, पण त्याच्या कडेला पिवळट डाग होता, म्हणजे जेल गळायला लागलेलं. असला आरसा फुकट दिला तरी घेऊ नका, ते जेल ठिबकून डॅशबोर्ड खराब करतं. नवीन 6,800 ला बसला, फिटिंगचे 700 वेगळे.

फिटिंगला मात्र समोर उभे राहा. पोरगं छतातल्या दिव्याची वायर कापून जोडत होतं, त्यात करंट चोवीस तास असतो म्हणजे गाडी बंद असतानाही आरसा बॅटरी खाणार. मी फ्यूज बॉक्समधून इग्निशनवरची, म्हणजे गाडी चालू केल्यावरच करंट येणारी लाईन घ्यायला लावली, वायर न कापता. आणि एक वायर रिव्हर्स लाईटची, म्हणजे रिव्हर्स टाकला की आरसा लगेच उजळतो. तिचं काम तो "लागत नाही" म्हणून सोडून देत होता. ज्यांच्या गाडीला कर्टन एअरबॅग आहे त्यांनी ए-पिलरमधून, म्हणजे समोरच्या काचेच्या बाजूच्या खांबातून वायर नेताना ती एअरबॅगच्या मागून जाते का ते बघाच.

पहिले दोन दिवस तर वाटलं फसलो. भर दुपारी आरसा काळपट! नंतर कळलं, पाठीचा सेन्सर बरोब्बर फास्टॅगच्या स्टिकरमागे आलेला, त्याला बिचाऱ्याला कायम रात्रच वाटत होती. टॅग सोलायला गेलो तर फाटला, नवीन घ्यावा लागला.

आता आठ महिने झाले. खंबाटकी चढताना मागे ट्रॅव्हल्स चिकटली तरी मधल्या आरशात दोन मंद ठिपके दिसतात, बास. परत येताना बोगद्यात दिवसासुद्धा काम करतो, कारण तो घड्याळ नाही, उजेड बघतो. शहरात स्ट्रीट लाईटखाली फारसा डिम होत नाही, तिथे गरजही नसते.

पण खरं दुखणं उजव्या बाजूच्या आरशात आहे आणि ते कुठल्याच दुकानात सांगत नाहीत. ओव्हरटेकला येणारा ट्रक तिथूनच डोळे फोडतो, आणि तो आरसा साधाच. बाहेरचे आरसे ऑटो डिमिंगवाले फक्त महागड्या गाड्यांत येतात, माझ्या गाडीला बसेल असा मला तरी नाना पेठेत सापडला नाही, मुंबईला कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरही विचारून आलो. सध्या रात्री तो आरसा बटणाने थोडा बाहेर वळवून ठेवतो, झोत खांद्यावरून जातो.

माझ्यासारखं दर आठवड्याला रात्री हायवे असेल तर 7,500 घाला. गाडी कोथरूड ते हिंजवडीच फिरत असेल तर खटका आहेच की, ओढा.