पासारेलाच्या कारकिर्दीतून बचाव शिकवणारा टिळकवाडीचा फुटबॉल वर्ग

बेळगावात टिळकवाडीच्या ज्या फुटबॉल वर्गात माझा मुलगा बचाव फळीत खेळतो, तेथे मैदानावरील सरावाच्या जोडीला रविवारी एखाद्या खेळाडूची कारकीर्द जुन्या सामन्यांच्या चित्रफिती दाखवून समजावली जाते. यंदा सरांनी अर्जेंटिनाचा डॅनिएल पासारेला निवडला, याचे मला मनापासून समाधान आहे, कारण आपल्याकडे बहुतेक मुलांना गोल करणाराच व्हायचे असते.

१९७८ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात नेदरलँड्सला जादा वेळेत ३-१ असे हरवणाऱ्या संघाचा पासारेला कर्णधार होता. उंची अवघी पाच फूट आठ इंच असूनही हा बचावपटू हेडरवर गोल कसे करी, हे सर चित्रफीत जागोजागी थांबवून दाखवतात. चेंडू हवेत असतानाच त्याची जागा हेरायची आणि प्रतिस्पर्ध्याच्या क्षणभर आधी उडी घ्यायची, हे पाहून झाले की मुलांना लगेच मैदानावर नेऊन कॉर्नरवर तेच करून घेतले जाते. या वर्गाचे खरे मोल मला यातच दिसते. फिओरेन्तिना क्लबकडून १९८५-८६ च्या इटालियन लीगमध्ये त्याने ११ गोल केले होते. १९८६ च्या विश्वविजेत्या संघातही तो होता, मात्र आजारपणामुळे त्याला एकही सामना खेळता आला नाही.

प्रशिक्षक पासारेलाचा भाग मात्र फार घाईने उरकला गेला. अर्जेंटिनातील रिव्हर प्लेट क्लबला त्याने देशांतर्गत विजेतेपदे मिळवून दिली. पुढे राष्ट्रीय संघाची सूत्रे हाती आल्यावर त्याने लांब केसांना मनाई केली, फर्नांदो रेदोन्दोसारखा मधल्या फळीतील उत्तम खेळाडू त्या वादात संघाबाहेर राहिला, आणि १९९८ च्या विश्वचषकात नेदरलँड्सने उपांत्यपूर्व फेरीत अर्जेंटिनाला २-१ असे हरवले. शिस्त कोठवर ताणावी, हा विषय मुलांशी सविस्तर बोलण्याजोगा होता. पालक म्हणून माझी हीच मुख्य तक्रार आहे.

समजावणे मराठीत होते आणि गरज पडेल तेथे सर कन्नडमध्येही सांगतात, त्यामुळे कोणतेच मूल मागे राहत नाही. खोली लहान आहे, मागे बसलेल्यांना पडदा नीट दिसत नाही. बचाव फळीत खेळणाऱ्या, बारा वर्षांपुढील मुलांना येथे अवश्य पाठवावे. त्याहून लहान मुलांना मैदानावरचा सराव पुरेसा आहे.