जनसंपर्कात जॉब शॅडोइंग: एजन्सीत जावं की कंपनीच्या विभागात?

जॉब शॅडोइंगमध्ये आपल्याला काम करायचं नसतं. काम करणाऱ्या माणसाच्या मागे काही दिवस सावलीसारखं राहायचं, बघायचं आणि मोकळा वेळ सापडला की विचारायचं. जनसंपर्क शिकणाऱ्यांना अशी संधी दोन ठिकाणी मिळू शकते: पीआर एजन्सी किंवा एखाद्या कंपनीचा स्वतःचा जनसंपर्क विभाग. मी आधी एजन्सीत तीन दिवस होते, नंतर एका उत्पादन कंपनीच्या विभागात पाच दिवस. दोन्हींपैकी एकच निवडायची वेळ आली असेल, तर माझे हे आठ दिवस उपयोगी पडावेत.

एजन्सीत पहिल्या तासातच दम लागतो. सकाळी कात्रणं आणि ऑनलाइन बातम्या चाळून प्रत्येक क्लायंटचा आढावा पाठवायचा, लगेच क्लायंटचा कॉल, मग पिचिंग, म्हणजे पत्रकारांना बातमी सुचवणं. मी जिच्याबरोबर होते ती ताई एकाच दिवसात एक रुग्णालय, एक ॲप आणि एक बांधकाम कंपनी सांभाळत होती. कोणासाठी किती वेळ गेला हे टाइमशीटमध्ये भरत होती, कारण बिल त्या हिशोबानं लागायचं. दुपारी तिनं अकरा पत्रकारांना फोन केले. बहुतेकांनी ‘मेल टाका, बघतो’ म्हणून ठेवला, दोघांनी पुढे प्रश्न विचारले. त्या दोघांसाठी बातमीची पहिली ओळ तिनं वेगवेगळी लिहिली: आरोग्य बघणाऱ्या बातमीदारासाठी रुग्णापासून सुरुवात, अर्थविषयक बातमीदारासाठी गुंतवणुकीपासून. प्रेस नोट तीच, दार वेगळं. वर्गात हे वर्षभर ऐकलं होतं, पण समजलं त्या दुपारी.

एजन्सीतली एक गोष्ट मात्र खटकली. महिन्याच्या अहवालात छापून आलेल्या बातमीची किंमत जाहिरातीच्या दरानं काढली होती. जनसंपर्काच्या मोजमापासाठी 2010 साली ठरलेल्या बार्सिलोना तत्त्वांनी ही पद्धत स्पष्ट नाकारली आहे. क्लायंट मागतो म्हणून द्यावं लागतं, असं मला प्रामाणिकपणे सांगितलं गेलं. हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि तो तक्ता भरला जाताना शेजारी बसणं वेगळं.

कंपनीच्या विभागात पहिले दोन दिवस मला वाटलं, इथे काही घडतच नाही. बैठका, मंजुरीच्या मेल, कर्मचाऱ्यांसाठीच्या वार्तापत्राचं प्रूफ. तिसऱ्या दिवसापासून मी एकाच प्रेस नोटचा प्रवास बघितला आणि तोच माझ्या आठही दिवसांतला सर्वांत मोठा धडा ठरला.

कारखान्यातली एक लाइन दुरुस्तीसाठी सहा आठवडे बंद राहणार होती. पहिल्या मसुद्यात ‘कामगारांवर कोणताही परिणाम होणार नाही’ असं वाक्य होतं. उत्पादन विभागानं तारखा बदलल्या. कायदा विभागानं ते वाक्यच काढलं, कारण कंत्राटी कामगारांचं काय याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. जनसंपर्क अधिकारी बाई तिथे थांबल्या नाहीत. ‘उत्तर नसेल तर आधी उत्तर ठरवा, मग मी लिहिते,’ असं त्यांनी बैठकीत सांगितलं. दोन दिवसांनी निर्णय झाला: कंत्राटी कामगारांना दुसऱ्या लाइनवर घ्यायचं. सहाव्या मसुद्यात ते नेमक्या शब्दांत आलं. नोट बाहेर जाण्याआधी कामगारांना सांगितलं गेलं, हाही त्यांचाच आग्रह.

अमेरिकी जनसंपर्क क्षेत्रातले आर्थर पेज 1927 मध्ये एटी अँड टी या टेलिफोन कंपनीचे उपाध्यक्ष झाले ते कंपनीच्या धोरणात आपल्या शब्दाला वजन असेल या अटीवर, हे मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. त्या बैठकीत ते समोर दिसलं. बाहेरच्या एजन्सीला असा हस्तक्षेप करायला क्वचितच मिळतो. तिच्याकडे बहुतेकदा निर्णय झाल्यावरच फोन येतो.

बंद दारं दोन्हीकडे असतात. गोपनीयतेच्या कागदावर सही करावी लागते, ती वाचून करा. शेअर बाजारात नोंदणी असलेल्या कंपनीत तिमाही निकालांच्या आसपास तुम्हाला बाहेर बसवतील आणि ते योग्यच आहे. त्यामुळे तो आठवडा टाळा. एजन्सीत उलट, एखादी पत्रकार परिषद किंवा उत्पादनाचं अनावरण असलेला आठवडा मागून घ्या.

हे क्षेत्र आपल्याला झेपेल का हेच ठरलेलं नसेल, तर एजन्सीत जा. फोन, नकार, घाई हे सगळं दोन-तीन दिवसांत कळतं आणि स्वभावाला मानवतं की नाही याचं उत्तर मिळतं. जनसंपर्क करायचाच हे पक्कं असेल, तर मी कंपनीचा विभाग निवडेन, पण पूर्ण आठवडा मिळत असेल तरच. तीन दिवसांत मसुदा जाताना दिसेल, परत आलेला दिसणार नाही. विभागात एकच माणूस असेल तर तो बोलका आहे का, याची आधी चौकशी करा. तो गप्प राहिला तर विचारायला दुसरं कोणी नसतं.

आणि शेवटच्या दिवशी काहीतरी मागा. एजन्सीत मी न छापून आलेल्या प्रेस नोट बघायला मागितल्या आणि त्या का पडल्या हे ताईनं अर्धा तास समजावलं. कंपनीत नोट जाहीर झाल्यावर सहाही मसुदे मागितले. बाईंनी नावं आणि आकडे काळे करून प्रिंट दिल्या, समासात कोणी काय खोडलं ते तसंच ठेवून.