खानापूर-जांबोटी रस्त्यावरची फौजीकाकांची भट्टी

सुगी जवळ आली की आमच्या भागातल्या बायका एकमेकींना विचारतात, विळा कुठनं आणलास? म्हणून सविस्तर लिहिते. बेळगुंदीच्या बाजूला आमचं भात आणि रताळ्याचं शेत आहे. पूर्वी बाजारातनं विळे आणायचो. दिसायला चकचकीत, पण निम्मं वावर कापून होईपर्यंत बोथट. बोथट विळ्यानं कापताना भाताचं बूड ओढावं लागतं आणि संध्याकाळी मनगट सुजतं, हे कापणी करणाऱ्या बाईलाच कळतं.

खानापूरहून जांबोटीकडे जाताना काजूच्या बागेत पत्र्याची शेड दिसते, तीच फौजीकाकांची लोहारभट्टी. बोर्ड नाही. फौजीकाका म्हणून विचारलं की कुणीही दाखवतं.

काका मराठा लाइट इन्फंट्रीचे रिटायर हवालदार. भरती आणि ट्रेनिंग बेळगावच्या सेंटरलाच. १९९९ साली कारगिलच्या लढाईत ते द्रास भागात होते. पुढे सियाचीनला बर्फानं पायाची दोन बोटं गेली. पेन्शनीवर आल्यावर इतरांसारखी सिक्युरिटीची नोकरी धरली नाही. माळाची जमीन घेतली, विहीर काढली, काजू लावले, घर बांधलं आणि खानापूरच्या एका म्हाताऱ्या लोहाराकडे बसून हे काम शिकले. उकिडवं बसता येत नाही, म्हणून ऐरण ओंडक्यावर उंच बसवलीय. काका स्टुलावर बसून सांडशीनं लोखंड फिरवतात आणि घण काकू मारतात. काकूंचा घण एकदा बघाच.

माल ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचा, म्हणजे चाकावरच्या पोलादी स्प्रिंगच्या पट्टीचा. घडवून झालं की पातं पुन्हा तापवतात आणि तारेला बांधलेलं चुंबक त्याला लावून बघतात. पोलाद साधारण ७७० अंशांना चुंबकाला धरायचं सोडतं. चुंबक सुटलं की अजून थोडं तापवून पातं तेलात बुडवतात. एवढ्यावर सोडलं तर धार काचेसारखी तडकेल. म्हणून एक बाजू घासून पांढरी करतात आणि पाठीकडनं हळूहळू ऊब देतात. पोलादावर गवती पिवळा रंग चढतो, तो सरकत धारेपर्यंत आला की लगेच गार करतात. या वेळी काका कुणाशी बोलत नाहीत. गिऱ्हाईक उभं असलं तरी मान वर करत नाहीत. माझ्या मते सगळी किंमत त्या पाच मिनिटांची आहे. गेल्या सुगीत त्यांच्या विळ्यानं आमचं सगळं भात कापून झालं, मधे नुसतं दगडावर घासून घेतलं.

मी नवी कुऱ्हाड मागायला गेले तेव्हा जुनी हातात घेऊन म्हणाले, "ताई, नवी कशाला? हिला तोंड जोडून देतो की." निम्म्याहून कमी पैशात काम झालं. कित्तूरकडचे शेतकरीही येतात, त्यांच्याशी काका कानडीत तितक्याच आपुलकीनं बोलतात.

लढाईबद्दल स्वतःहून काढत नाहीत. माझ्या मुलानं विचारलं तेव्हा एवढंच सांगितलं, की शत्रू वर शिखरावर आणि आपण खाली, दिवसा हललं तरी दिसायचं, म्हणून दारूगोळा आणि शिधा रात्रीच पाठीवर न्यायचा. मग त्याला भाता ओढायला बसवलं. पोरगं घरी येईपर्यंत त्याबद्दलच बोलत होतं.

उणं म्हणाल तर घाईचं काम घेत नाहीत. रोप लावणीच्या दिवसांत भट्टी बंदच, कारण तेव्हा दोघंही स्वतःच्या चिखलात असतात. त्यामुळे दसऱ्याच्या बरंच आधी टाकून या. बाभळीची मूठ पुरुषी हाताच्या मापानं जाड करतात, मला पहिल्यांदा ती घट्ट धरवेना. बायकांनी आपला हात दाखवूनच माप सांगावं, काका तिथल्या तिथं तासून देतात. घरी तुटका कमानपाटा पडला असेल तर घेऊन जा, मालाचे पैसे कमी लावतात.