रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू: अभ्यासिकेच्या वायफायवरचा पहारेकरी

सदाशिव पेठेत आमची तीन मजली अभ्यासिका आहे. एमपीएससीची मुलं इथे बसून ऑनलाइन टेस्ट सिरीज सोडवतात. ऐन पेपरात नेट गेलं की त्यांचे चेहरे बघवत नाहीत. इंटरनेटवाल्याला फोन केला की ठरलेलं उत्तर, "ताई, आमच्याकडून लाइन ओके आहे." वर्षभर मी त्याच्यावर चिडत होते.

मग धाकट्या भावाने प्रत्येक मजल्यावर एकेक रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू हा चिमुकला कॉम्प्युटर लावून दिला. काडेपेटीहून जरासा मोठा बोर्ड, ५१२ एमबी रॅम. दर दहा सेकंदांनी तो एक पिंग, म्हणजे "आहेस का?" अशी छोटी हाक, आमच्या राउटरला करतो आणि एक बाहेर गूगलच्या ८.८.८.८ या सर्व्हरला. ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरवर प्रोमिथियस नावाचा प्रोग्रॅम हे आकडे गोळा करतो आणि ग्राफाना नावाचा दुसरा त्यांचे आलेख काढतो. नुसती बाहेरची रेषा तुटली तर लाइनचा दोष. दोन्ही एकदम तुटल्या तर गडबड आपल्याच घरात.

दुसऱ्या मजल्यावर रोज संध्याकाळी सातला दोन्ही तुटायच्या. सिग्नल उणे ५५ डीबीएम, म्हणजे उत्तम, तरी शंभरातले वीस पिंग गायब! शोधलं तर आमचे तिन्ही अ‍ॅक्सेस पॉइंट (वायफाय पसरवणारे डबे) चॅनल ६ वर, म्हणजे एकाच लहरपट्ट्यावर, आणि शेजारच्यांचेही बरेचसे तिथेच. एकमेकांवर न चढणारे १, ६ आणि ११ असे चॅनल वाटून दिले आणि त्याच आठवड्यात तक्रारी थांबल्या. इंटरनेटवाल्याला फोन करून चूक आमची होती हे सांगितलं.

घेणाऱ्यांनी एवढं करा: वीज वाचवायला वायफायला मधेमधे झोपवणारं पॉवर सेव्ह आधी बंद करा. ते मुळात चालू असतं, आणि त्यामुळे पहिला आठवडाभर आम्हाला राउटरसुद्धा संथ दिसत होता. आकडे पायच्या मेमरी कार्डावर साठवू नका. सतत लिहून आमचं एक कार्ड चौथ्या महिन्यात गेलं, तेव्हापासून सगळं ऑफिसच्या मशीनवर. अ‍ॅडॉप्टर ५ व्होल्ट, २.५ अँपिअरचाच घ्या.

मोठी उणीव एकच, याला फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय दिसतं. नवे फोन ५ वर जातात, तिथलं याला काहीच कळत नाही. म्हणून तिसऱ्या मजल्यावर आता दोन्ही दिसणारा, याचाच मोठा भाऊ पाय ४ लावलाय.

गेल्या महिन्यात रात्री नुसती बाहेरची रेषा तुटायला लागली. आलेखाचा फोटो पाठवला. या वेळी "लाइन ओके" नाही, अर्ध्या तासात माणूस शिडी घेऊन हजर. गच्चीवरच्या फायबरचा जोड ढिला झाला होता.