पितळी कर्ण्याचा ‘शंभर वर्षं जुना’ ग्रामोफोन घेण्याआधी

चकचकीत पितळी कर्णा, अष्टकोनी पेटी, पुढे कुत्र्याचं चित्र असलेली पट्टी आणि ‘एचएमव्ही, १९१० चा, चालू स्थितीत’ अशी जाहिरात दिसली की जरा थांबा. असाच एक ग्रामोफोन १८,००० रुपयांना माझ्या गळ्यात मारला गेला.

आत्याच्या ट्रंकेत ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे) लाखेच्या तबकड्या होत्या. हिराबाई बडोदेकर, मास्टर कृष्णराव, बालगंधर्व. ती गेल्यावर ट्रंक माझ्याकडे आली. सांगलीच्या घरी ती चावी भरून लावायची, तशाच त्या ऐकायच्या होत्या. विक्रेत्याने फोनवर किंमत सांगण्याआधी हे सगळं माझ्याकडून काढून घेतलं. ‘‘ताई, घरात कोण ऐकायचं? गाव कुठलं?’’ फार आपुलकीने विचारत होता हो. मी त्याच्या गाळ्यावर पोचले, तर यंत्र नेमकं ‘सांगलीच्याच एका डॉक्टरांच्या वाड्यातलं’ निघालं! त्याचा धंदा जुन्या वस्तूंचा नाहीच. गिऱ्हाइकाने सांगितलेली आठवण तो त्यालाच परत विकतो.

गाळ्यात त्याने आपली एक झिजलेली सिनेमाची तबकडी लावली, थोडी वाजवली आणि सुई उचलली. ‘‘स्प्रिंग जुनी आहे, उगाच ताण नको.’’ घरी मी नवी सुई घालून, चावी पूर्ण भरून हिराबाई लावल्या. दहा इंची तबकडीची एक बाजू साधारण तीन-साडेतीन मिनिटांची. धडधाकट यंत्र एका चावीत ती सहज पुरी करतं. हे मध्यावरच रेंगाळायला लागलं आणि हिराबाईंचा आवाज खर्जात उतरत गेला. सुई उचलली, तर तबकडीवर काळसर भुकटी.

ग्रामोफोन दुरुस्त करणाऱ्या एका काकांनी पेटी उघडली आणि हसलेच. मोटर बॅगेसारख्या पोर्टेबल ग्रामोफोनमधली. साउंडबॉक्सवर, म्हणजे सुई धरणाऱ्या गोल डबीवर, ‘५बी’ लिहिलेलं. तो एचएमव्हीच्या १०२ नंबरच्या पोर्टेबलवर यायचा आणि ते मॉडेलच १९३१ चं. मग १९१० च्या यंत्रावर तो बसला कसा? पेटीला स्टार स्क्रू, तेही १९३० नंतरचे. लाकूड नवं, वरचं काळं पॉलिश ओल्या फडक्याला लागत होतं. कर्णा तर कालपरवाचा.

नुसतं नकली असतं तरी कोपऱ्यात शोभेला ठेवलं असतं. पण मूळ यंत्रात साउंडबॉक्स धरणाऱ्या पोकळ दांड्याची लांबी, त्याचा कोन, सुई कुठे टेकणार, याचं गणित बसवलेलं असतं. इथे तो दांडा डाग देऊन कसातरी जोडलेला, सांधा घट्ट. अशी सुई खाचेतून सरकत नाही, एका कडेला खरवडत जाते. ती भुकटी म्हणजे तबकडीवरचं गाणंच होतं.

‘यावर सगळ्या रेकॉर्ड वाजतात’ असंही हे लोक बेधडक सांगतात. कृपा करून यावर एलपी, म्हणजे नंतरच्या काळातल्या प्लास्टिकच्या तबकड्या, लावू नका. साउंडबॉक्सचा भार शंभर ग्रॅमच्या वर असतो, एलपीच्या सुईचा दोन-तीन ग्रॅम. भीमसेनजींची एलपी एकदा त्या पोलादी सुईखाली गेली की संपली.

पैसे परत मागितले तेव्हा त्याने बिलाकडे बोट दाखवलं. त्यावर बारीक अक्षरात ‘डेकोरेटिव्ह शोपीस’ लिहिलेलं. पुढे फोन उचलणं बंद. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, पण बिलावरचा तो शब्द आडवा येतोय. मध्यंतरी त्याची नवी जाहिरात दिसली. तसाच कर्णा, तशीच पेटी, वाडा मात्र या वेळी नागपूरच्या वकिलांचा.

घ्यायचाच असेल तर आपलीच एखादी टाकाऊ तबकडी बरोबर न्या आणि अख्खी बाजू शेवटच्या खाचेपर्यंत वाजवून घ्या. मध्येच सुई उचलू देऊ नका. पेटी खालून उघडायला सांगा. नको म्हणाला तर उठून या. बिलावर ‘ग्रामोफोन, चालू’ असं लिहून घ्या. आणि खरं सांगायचं तर गाणी ऐकायची असतील, तर कर्ण्याचा सोस सोडा. ७८ चा वेग असलेला टर्नटेबल बघा, त्यावर ७८ ची जाड सुई वेगळी मागून लावा. एलपीची बारीक सुई लाखेच्या रुंद खाचेत तळाला घासते, नुसती खरखर ऐकू येते, आणि लोक उगाच तबकडीला दोष देतात.