घरबसल्या चायनीज शिकायचंय, ॲप घेऊ की रेकॉर्डेड कोर्स?

आमच्याकडे पर्चेसमधल्या दोघातिघांना मँडरिन, म्हणजे चीनची मुख्य बोली, शिकायचीय, सप्लायर चीनमधल्या शेनझेनचे म्हणून, आणि सगळ्यांचा प्रश्न तोच की क्लासला जायला वेळ नाही तर हॅलोचायनीज ॲप घ्यावं की कोर्सेरा या ऑनलाइन कोर्सच्या साइटवरचा पेकिंग युनिव्हर्सिटीचा चायनीज फॉर बिगिनर्स करावा. मी दोन्ही केलंय म्हणून सविस्तर लिहितो.

आधी उच्चार, कारण खरा फरक तिथेच पडतो. पिनयिन म्हणजे रोमन अक्षरांत लिहिलेलं चायनीज, आपण ते इंग्रजीसारखं वाचायला जातो आणि फसतो. बी लिहिलेलं असतं पण उच्चार आपल्या प चा, पी लिहिलं की ओठ मिटून, हवा सोडून म्हटलेला फ. जे हे अक्षर म्हणजे चार मधला च आणि झेड म्हणजे चावी मधला च, हे दोन वेगळे च मराठी माणसाला आईच्या भाषेतूनच मिळालेत, ही केवढी सोय आहे! म्हणून तर बीजिंगचा तिथला उच्चार पेइचिंगच्या जवळ जातो. या गोष्टी कोर्समध्ये बाई तोंडाने म्हणून दाखवतात, समजावणं इंग्रजीत आहे, व्हिडिओ मागे नेऊन दहा वेळा ऐकता येतो. ॲपमध्येही पिनयिनचे धडे आहेत पण ते तुकड्यातुकड्यात येतात आणि का असं हे डोक्यात बसायला वेळ लागतो.

पण टोनचं, म्हणजे ज्याने शब्दाचा अर्थच बदलतो त्या आवाजाच्या चढउताराचं काय? माई हा शब्द तिसऱ्या टोनमध्ये, म्हणजे आवाज खाली नेऊन परत वर आणला, तर विकत घेणे, आणि चौथ्यात, वरून एकदम खाली सोडला, तर विकणे. पर्चेसवाल्याने हे उलटं बोललं तर विचार करा. मी फोनवर दोन्ही रेकॉर्ड करून ऐकले तर दोन्ही सारखेच! व्हिडिओ तुमचं ऐकत नाही ना, तुम्ही चुकीचं म्हणत पुढे गेलात तरी कोर्स पूर्ण होतो. ॲप निदान माईकवर बोलायला लावतं आणि कुठे घसरलं ते दाखवतं, मशीन कधी चुकीचंही पास करतं, पण काहीच नसण्यापेक्षा खूप बरं. फक्त ते घरी करा, लोकलमध्ये मोठ्याने बोलता येत नाही आणि मग नेमका तोच भाग राहून जातो.

लिपी मात्र ॲपमध्येच. पेकिंगचा हा कोर्स बोलण्याचा आहे, चिनी अक्षरं शिकावी लागत नाहीत, त्यामुळे हलका वाटतो आणि पूर्ण होतो. दोन महिन्यांनी तिकडे जायचंय, भाव विचारायचा, जेवण मागवायचं, एवढंच असेल तर तोच करा. पण वीचॅटवर, म्हणजे तिकडच्या व्हॉट्सॲपसारख्या ॲपवर, सप्लायरचा मेसेज आला की समोर अक्षरंच येणार, आणि टाइप करताना पिनयिन लिहिलं की खाली पाचसहा अक्षरं येतात त्यातलं बरोबर ओळखून निवडायचं असतं, म्हणजे हाताने लिहिता नाही आलं तरी चालेल पण ओळखता आलंच पाहिजे. एचएसके या चायनीज भाषेच्या परीक्षेच्या जुन्या पद्धतीत पहिल्या लेव्हलला 150 शब्द आणि दुसरीला 300, तेवढे रोज थोडे थोडे करून होतात, त्याला ॲप बरं.

व्याकरणाची धास्ती नको, दोन्हीकडे सोपंच आहे, क्रियापद बदलत नाही, तो आणि ती दोघांनाही था, आणि आपण तीन जण म्हणतो तसा तिकडे आकडा आणि वस्तूच्या मधे एक शब्द लागतो, इतकंच.

मला विचाराल तर पहिले दोन-तीन आठवडे कोर्समधले उच्चाराचे भाग, मग रोज वीस मिनिटं ॲप, आणि शब्द अडला की प्लेको डिक्शनरी, ती फुकट आहे. पैसे भरायचेच असतील तर वर्षाचं सबस्क्रिप्शन लगेच नको, आधी फुकटचे धडे संपवा, आणि ते पैसे महिन्यातून एकदा कुणा चायनीज बोलणाऱ्यासमोर अर्धा तास बसण्यासाठी ठेवा, कारण आपलं माई त्याला नेमकं कुठलं ऐकू येतं हे तोच सांगू शकतो.